पहिली जागा कुणाची

सातपुड्याच्या पायथ्याला, शहादा तालुक्यातल्या म्हसावदच्या आसपास लोकांमध्ये काम करणाऱ्याला एक प्रश्न फार काळ टाळता येत नाही. आपण पाड्यापाड्यावर जाऊन कायदा सांगतो, रोजगार हमी सांगतो, मजुरीचा दर सांगतो, दारूने घराचं काय होतं ते सांगतो. ऐकणाऱ्याला ते कळतं, पटतंही. तरीही उचल देणारा मुकादम समोर आला की तोच माणूस खाली बघतो आणि संध्याकाळी त्याची पावलं अड्ड्याकडे वळतात. म्हणजे अडचण माहितीची नसते. याच भागात अशीही माणसं आहेत, ज्यांनी कायद्याचं पुस्तक कधी उघडलेलं नाही, पण ज्यांना सहजी कुणी वाकवू शकत नाही. उधारी बंद होईल, काम मिळणार नाही, भाऊबंद तोंड फिरवतील, हे सगळं ठाऊक असून ती नाही म्हणतात. दोघांमधला फरक शिक्षणाचा नसतो आणि नेहमी जमिनीचाही नसतो. इतक्या वर्षांच्या कामातून मला याचं जे उत्तर मिळत गेलं, ते आम्हा कार्यकर्त्यांच्या बैठकीत सहसा उच्चारलं जात नाही, म्हणून नीट मांडून पाहावंसं वाटतं. या न वाकणाऱ्या माणसांपैकी पुष्कळांनी आपल्या आयुष्यातली पहिली जागा देवाला देऊन टाकलेली असते. ती जागा एकदा भरली की सावकार, मुकादम, दारू, पुढारी, इतकंच काय स्वतःचं यशसुद्धा, सगळ्यांना दुसऱ्या रांगेत बसावं लागतं. दुसऱ्या रांगेत बसलेल्याची भीती वाटू शकते, पण त्याच्या हवाली आपला जीव करता येत नाही.

याचा सगळ्यात ठळक पुरावा म्हसावदहून फार लांब शोधावा लागत नाही. शेजारच्या तळोदा तालुक्यातल्या मोरवड गावचे गुलाम महाराज हे भिल्ल समाजातले. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात, त्यांनी आरती सुरू केली. त्या आरतीला आधी आसपासचे पाडे आणि मग दूरदूरची गावं लोटू लागली. सांगणं अगदी थोडं होतं. आंघोळ करावी, दारू सोडावी, मांस सोडावं, चोरी करू नये, भांडू नये, ठरल्या दिवशी आरतीला यावं आणि एकमेकांशी बोलताना ‘आप’ म्हणावं. ज्या समाजाला बांधावर, बाजारात आणि कचेरीत अरेतुरेच ऐकायची सवय होती, त्याने आपापसात आदराने बोलायला लागणं ही त्या काळी किती मोठी गोष्ट असेल, याचा अंदाज खानदेशात राहणाऱ्याला करता येईल. या आरतीत मागण्यांची यादी नव्हती. मजुरी वाढवा, सालदारकी बंद करा, जमिनी परत द्या असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. तरीही दारूचे दुकानदार आणि सावकार धास्तावले, आणि सरकारच्याही कपाळाला आठ्या पडल्या. नुसत्या आरतीने या लोकांची झोप का उडावी, याचा विचार केला की देवाला पहिलं ठेवण्यातली ताकद कुठे असते ते दिसू लागतं.

त्यासाठी दारूचा हिशोब समजून घ्यायला हवा. सातपुड्यात मोह पूर्वीही होता आणि दारूही होती. सणाला, लग्नाला, मयताला, देवाला धार देताना ती लागायची, आणि ती घरची असायची. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र पालटलं. गाळण्याचा आणि विकण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला आणि मक्तेदारांना विकला. आपल्याच झाडाच्या फुलांपासून आपल्याच अंगणात दारू काढणं गुन्हा ठरला, आणि तीच दारू मक्तेदाराच्या दुकानातून पैसे मोजून, नाहीतर धान्य घालून घेणं कायदेशीर ठरलं. पैसे नसले की उधारी, उधारीवर व्याज, व्याजापोटी पीक, पिकापोटी जमीन, आणि जमीन गेल्यावर तिच्याच नव्या मालकाकडे सालदार म्हणून राबणं. पश्चिम खानदेशातल्या भिल्लांच्या जमिनी हातच्या गेल्या त्यामागे अनेक कारणं आहेत, पण ही साखळी त्यांतली मोठी. तेव्हा गुलाम महाराजांच्या आरतीला जाणारा माणूस दारू सोडत होता याचा अर्थ तो दुकानाची पायरी सोडत होता, आणि दुकानाची पायरी सुटली की सावकाराच्या वहीतलं त्याचं पान थांबत होतं. त्याने सावकाराला एक शब्दही उणा बोललेला नसे, फक्त त्याच्याहून मोठा कुणीतरी मान्य केलेला असे. कचेऱ्यांना मागण्या हाताळता येतात, त्यांच्यावर समिती नेमता येते, तारखा देता येतात. ज्याने काहीच मागितलेलं नाही आणि ज्याला आपल्याकडून काही नकोच आहे, त्याचं काय करायचं हे मात्र सत्तेला कळत नाही.

अशा चळवळीचा हा पहिलाच प्रसंग नव्हता. त्याच्या पंधराएक वर्षं आधी, १९२२-२३ मध्ये, दक्षिण गुजरातेत देवीचं आंदोलन पसरलं आणि त्याची झळ पश्चिम खानदेशाच्या काठापर्यंत आली. सलाबाई नावाची देवी माणसांच्या अंगात येऊन बोलते, असं लोक मानत. तिने सांगितलं की दारू-ताडी सोडा, स्वच्छ राहा आणि दारूच्या दुकानदारांकडे कामालाही जाऊ नका. डेव्हिड हार्डीमन या इतिहासकाराने या आंदोलनावर सबंध पुस्तक लिहिलं आहे. त्यांच्या अभ्यासातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट म्हणजे ते या श्रद्धेला वेडगळपणा म्हणून बाजूला सारत नाहीत. शोषण करणाऱ्याशी संबंध तोडण्याचं धैर्य आदिवासींनी देवीच्या आज्ञेतून मिळवलं, असं त्यांच्या मांडणीतून दिसतं. माझ्या कामातला अनुभवही याच दिशेने जातो. दारू सोडण्यासाठी आम्ही शपथा देऊन पाहिल्या, फलक लावून पाहिले, डॉक्टरांची व्याख्यानं ठेवली. टिकलेल्यांकडे पाहिलं तर त्यांतले बरेच जण कुठल्या ना कुठल्या भजनाशी, आरतीशी, सत्संगाशी, काही ठिकाणी प्रार्थनेशी बांधलेले असतात. शपथ माणसाने माणसाला दिलेली असते आणि ती सोडवून घ्यायला दुसरा माणूस नेहमी हजर असतो. देवाशी जोडलेली गोष्ट मोडायची तर माणसाला एकट्याने स्वतःसमोर उभं राहावं लागतं, आणि ते फार अवघड असतं.

आता ही ताकद विरोधापुढे कशी टिकते ते पाहू, कारण देवाच्या हेतूवरच्या भरवशाची कसोटी तिथेच लागते. आरती बहरात असतानाच, जुलै १९३८ मध्ये, गुलाम महाराज वारले. चळवळ नुकती उभी राहिलेली, मागे कसली घटना नाही, निधी नाही, कार्यालय नाही. कुठल्याही हिशोबी माणसाने ती इथेच संपली असं म्हटलं असतं. धुरा त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी घेतली. पुढे तणाव वाढला, आरतीवर बंधनं आली, आणि रामदास महाराजांना जिल्ह्याबाहेर काढलं गेलं. श्रद्धेचा खरा प्रश्न अशा वेळी समोर येतो. ज्याच्यामुळे आपण देवाकडे वळलो तो माणूस देवानेच नेला, जो मागे राहिला त्याला सरकारने नेलं; मग आपलं काही चुकलं का, की देवाला आपलं हे चालणं मंजूरच नव्हतं? ज्याने देवाला यशाचं साधन म्हणून धरलेलं असतं, तो या टप्प्यावर सोडून जातो, आणि त्यात त्याचं तर्कदृष्ट्या काही चुकतही नाही, कारण साधन निरुपयोगी ठरलेलं असतं. जो थांबतो त्याने भरवसा कुठल्या परिणामावर ठेवलेला नसतो. त्याचं म्हणणं साधं असतं: आज आंघोळ करून आरतीला उभं राहायचं, दारूला हात लावायचा नाही, शेजाऱ्याला मान द्यायचा, एवढं मला सांगितलं गेलं आहे, पुढचं ज्याचं आहे तो बघेल. हे ऐकायला भाबडं वाटतं. पण ज्या कामाला फळ यायला दोन पिढ्या लागतात, ते काम रेटायला याहून पक्का पाया मला तरी माहीत नाही.

दोन पिढ्या असं मी हौसेने म्हणत नाही. २ मे १९७१ रोजी शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीला धान्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि त्यात एक भिल्ल मारला गेला. त्या घटनेने सगळा तालुका ढवळून निघाला. सर्वोदयाच्या कामातून आलेले अंबरसिंग सुरतवंती हे भजन गाणारे भिल्ल कार्यकर्ते होते. लोक त्यांना महाराजच म्हणत. ते पुढे आले, ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या शिबिरांतून बायका बोलत्या झाल्या. त्यांनी पहिल्यांदा हात घातला तो दारूला. गावोगाव जाऊन त्यांनी अड्ड्यांवरची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. मारिया मीस यांनी शहाद्याच्या या चळवळीवर लिहिलं आणि ती जगभरच्या अभ्यासकांना माहीत झाली. १९३८ ची आरती आणि १९७२ ची मडकी यांच्यात सरळ धागा आहे असं मी सिद्ध करू शकत नाही, तसा दावाही करत नाही. एवढं मात्र म्हणता येतं की दारू सोडणं म्हणजे मान मिळवणं, ही समजूत या भागात बायांना नव्याने शिकवावी लागली नाही. ती आज्यांच्या आणि आजोबांच्या तोंडून घरात आलेली होती. ज्यांनी ती पेरली त्यांना हे पीक पाहायला मिळालं नाही. अंबरसिंग महाराजांनाही आयुष्य थोडंच लाभलं.

इथे माझे काही सहकारी आक्षेप घेतील, आणि तो गंभीर आहे. ते म्हणतील, शहाद्याला जे घडलं ते संघटनेने घडवलं. कुमार शिराळकरांसारखे शिकलेले तरुण शहरातली वाट सोडून इथे आले, त्यांनी मार्क्सवादी विचाराने जमिनीचा, मजुरीचा, सालदाराच्या हक्कांचा प्रश्न मांडला. वाहरू सोनवणे यांच्यासारखा भिल्ल कवी-कार्यकर्ता याच लढ्यातून पुढे आला. आदिवासींना जमिनी परत मिळण्याचा १९७४ चा कायदा आरतीमुळे झाला नाही. हे सगळं खरं आहे, आणि त्यांच्या कामाचा मला मनापासून आदर आहे. देवाला न मानणारी माणसंही स्वार्थाला पहिल्या रांगेतून उठवू शकतात, हे त्यांनी जगून दाखवलं. म्हणून देवावाचून धैर्य येतच नाही असं मी म्हणणार नाही. पण निवडक माणसांचं धैर्य आणि गावच्या गावांचं धैर्य यांत फरक असतो. शिकलेला तरुण विचाराच्या जोरावर घरदार सोडू शकतो. रोज मजुरीला जाणारी, चार लेकरांची आई, जिला उद्या त्याच बांधावर काम मागायला जायचं आहे, तिला पाय रोवायला विचारसरणी पुरत नाही. तिला हवी असते अशी एक सत्ता जी बागायतदाराच्या वर आहे आणि तरी तिच्या झोपडीत आहे. ही गरज ज्यांनी कमी लेखली, त्यांच्या हाती बऱ्याचदा मोर्चे राहिले आणि मोर्च्यांच्या मधले दिवस मोकळे गेले. आरती ठरल्या दिवशी होतेच, मागणी मान्य झाली तरी आणि फेटाळली तरी. संघटनेसाठी मी हा धडा महत्त्वाचा मानतो.

दुसरा आक्षेप याहून जवळचा आणि जास्त दुखरा आहे, कारण त्याच्याशी आमची रोज गाठ पडते. देवाची मर्जी म्हणत लोक हात बांधून बसतात, असं डॉक्टर, शिक्षक आणि आशाताई सगळेच सांगतात. नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलचा आजार खूप आहे. लेकराचे हातपाय सुजतात, कळा येतात, रक्त उतरतं, आणि घरचे नशीब म्हणून गप्प राहतात. लग्नाआधी मुला-मुलीची साधी रक्ततपासणी केली तर दोन वाहक एकत्र येण्याचा धोका आधीच कळू शकतो. आजार असलेल्याला हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध, भरपूर पाणी आणि नियमित तपासणी यांनी पुष्कळ आराम पडतो. म्हसावदला सरकारी ग्रामीण रुग्णालय आहे. असं असताना देवाच्या हेतूवर भरवसा ठेवा असं लोकांना सांगणं घातक नाही का? मला हा प्रश्न टाळायचा नाही. भरवसा आणि निष्क्रियता यांची गल्लत होते, पुष्कळ होते, आणि तिची किंमत लेकरं मोजतात. पण ही गल्लत नेमकी कुणाची असते ते नीट बघावं लागतं. जो देवाची मर्जी म्हणून तपासणीला जात नाही, तो बहुतेक वेळा देवाला भीत नसतो. त्याला भीती असते खर्चाची, कचेरीतल्या बोलण्याची, दिवसाची मजुरी बुडण्याची आणि लग्न मोडण्याची. देवाचं नाव तो या भीतींवर पांघरूण म्हणून घेतो. त्याच्या आयुष्यात पहिली जागा देवाची नसून याच भीतीची असते. आणि आम्ही त्याची श्रद्धा खोडायला गेलो की पांघरूण तेवढं ओढलं जातं, भीती तशीच राहते. गुलाम महाराजांचे लोक देवाची मर्जी म्हणत घरात बसले नव्हते. त्यांनी दिवस बदलला, ताट बदललं, बोलणं बदललं. देवाने हे लेकरू माझ्या ओटीत घातलं आहे असं जी आई खरोखर मानते, ती एक दिवसाची मजुरी सोडून त्याला दवाखान्यात नेते आणि पुन्हा बोलावलेल्या तारखेला परत येते. आमच्या कामात चिवट पाठपुरावा करणाऱ्या आया याच असतात. म्हणून आशाताईने श्रद्धेशी भांडू नये, श्रद्धेच्या पोटात दडलेल्या भीतीशी भांडावं, आणि गाडीभाडं, बुडालेली मजुरी, सासरच्यांची समजूत या गोष्टींवर उपाय शोधावा.

तिसरा आक्षेप संस्कृतीचा. मांस आणि दारू सोडा, आंघोळ करून आरती म्हणा, हे सांगणं म्हणजे भिल्लांना वरच्या जातींच्या साच्यात घालणं आहे, असं अनेक आदिवासी विचारवंत म्हणतात. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगी मातेला जाणाऱ्या माणसाला दारूची धार हा नैवेद्य असतो; तो अपवित्र ठरवण्याचा अधिकार कुणाला? या म्हणण्यात बरंच तथ्य आहे. गुजरातेतल्या देवीच्या आंदोलनात सोडलेले आणि न सोडलेले, वरजेला आणि सरजेला, अशी समाजात फूट पडली आणि सोडलेले स्वतःला शुद्ध समजू लागले. देवाला पहिली जागा देता देता माणूस स्वतःच शेजाऱ्याच्या डोक्यावर बसू शकतो, याचा तो पुरावा आहे. मी एवढंच म्हणेन की मातेला दिलेली घरच्या मोहाची धार आणि मक्तेदाराच्या उधारीवर घेतलेली बाटली एकाच मापाने मोजणं चुकीचं होतं. तेव्हाच्या लोकांना हा फरक करायला उसंत मिळाली नाही. आपल्याला आहे. तो करायला आपण शिकलं पाहिजे, आणि याहामोगीला मानणाऱ्यालाही तिच्याच नावाने उधारीला नाही म्हणता येतं, हे ओळखलं पाहिजे.

देवाचं नाव दोन्ही बाजू घेतात, हेही कुणी लक्षात आणून देईल. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारं हरिजनांना खुली व्हावीत म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून उपोषण केलं. विरोध करणारेही धर्माचंच नाव घेत होते. मग खरी श्रद्धा कुणाची, हे कसं ठरवायचं? माझ्यापुरतं उत्तर असं की जिच्यात आपलं काही जातं आणि दुसऱ्याला काही मिळतं ती श्रद्धा पारखायला सोपी. दार बंद ठेवणाऱ्याचं काही जात नव्हतं. उपोषण करणाऱ्याचा जीव पणाला लागला होता, आणि गांधीजींकडूनही ते थांबवण्याचा सल्ला आला तरी त्यांनी ते १० मे ला दार उघडण्याचं ठरेपर्यंत चालवलं. हीच परीक्षा दुसऱ्या धर्माच्या माणसालाही लावता येते. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईला शारदा सदन काढलं. पुढे पुण्यात त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेवरून वादळ उठलं, आधार देणारी प्रतिष्ठित मंडळी दूर झाली, मुली काढून नेल्या गेल्या. रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६ नंतरच्या दुष्काळात केडगावच्या मुक्ती सदनात निराधार बायका-मुलींना आसरा मिळाला. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं हाती घेतलेलं काम त्यांनी एप्रिल १९२२ मध्ये डोळे मिटण्याआधी पुरं केलं. मोरवडच्या आरतीत आणि केडगावच्या प्रार्थनेत देवाचं नाव वेगळं आहे. लोकांच्या पसंतीला दुसऱ्या रांगेत बसवण्याची रीत मात्र तीच.

पण साने गुरुजींचं नाव घेतल्यावर एका गोष्टीवरून उडी मारून पुढे जाता येत नाही. ११ जून १९५० रोजी गुरुजींनी स्वतःचं आयुष्य संपवलं. ज्यांच्याइतका देवाला पहिलं ठेवणारा माणूस खानदेशाने क्वचितच पाहिला, जे अमळनेरच्या शाळेत आणि तुरुंगात सगळ्यांना आधार देत राहिले, तेच असे खचले. मग भरवसा माणसाला तारतो हे म्हणणं खोटं ठरतं का? मी या प्रश्नाकडे पुन्हा पुन्हा येतो, कारण कार्यकर्त्यांमधलं खचणं मी जवळून पाहतो. मला वाटतं, श्रद्धा म्हणजे दुःख आत येऊ न देणारं चिलखत, ही कल्पनाच मुळात चूक आहे, आणि आम्ही ती नकळत पसरवतो. देवावर विश्वास ठेव म्हणजे तुला त्रास होणार नाही, असं खचलेल्या माणसाला सांगणं क्रूर आहे. त्याला त्रास होतोय म्हणजे त्याचा विश्वासच कमी, असा त्याचा अर्थ निघतो. हळवं मन असलेला श्रद्धावान माणूस जगाचं दुःख इतरांपेक्षा जास्त अंगावर घेतो. अशा वेळी त्याच्या एकट्याच्या श्रद्धेने भागत नाही. शेजारी बसणारं कुणीतरी लागतं, विश्रांती लागते, गरज असेल तर मनाच्या डॉक्टरचा उपचार लागतो. आरतीला सगळ्यांनी एकत्र जमायचं, हा गुलाम महाराजांचा नियम मला इथे फार मोलाचा वाटतो. ज्याच्या तोंडून त्या दिवशी शब्द फुटत नाही, त्याच्यासाठी शेजारचा म्हणतो. पहिली जागा एकट्याने राखायची नसते; सगळ्यांनी मिळून राखायची असते, आणि ज्याचा धीर सुटतो त्याचा भार इतरांनी वाहायचा असतो.

तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्याच्या मुख्यालयात, धुळ्याच्या तुरुंगात, १९३२ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिलं, आणि साने गुरुजींनी ती अठरा प्रवचनं उतरवून घेतली. पुढे त्यांचं पुस्तक झालं आणि अनेक भाषांत गेलं. भरवशाची बाजू मांडताना हे उदाहरण हटकून दिलं जातं. बघा, सरकारने कोंडलं आणि देवाने त्यातून केवढं काम करून घेतलं! मी ते जपून वापरतो. त्याच काळात हजारो माणसं वेगवेगळ्या तुरुंगांत होती. त्यांतल्या बहुतेकांच्या हालांमधून कुठलंही पुस्तक निघालं नाही, कुणाची नोकरी गेली, कुणाचं घर मोडलं, आणि त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. फळ दिसलं तिथेच देवाचा हेतू होता असं म्हणायचं, तर या सगळ्यांचं सोसणं हेतूशून्य ठरतं. हे मला मान्य नाही. त्या प्रवचनांमधली मला शिकण्यासारखी वाटणारी गोष्ट पुढच्या पुस्तकात नाही, त्या रविवारांत आहे. उद्या सुटका होणार की शिक्षा वाढणार हे माहीत नसताना आजचा अध्याय नीट समजावून सांगणं, आणि दुसऱ्याने तो नीट उतरवणं. पुस्तक झालं नसतं तरी ते रविवार तेवढेच खरे राहिले असते.

म्हसावदच्या कामात याचा व्यवहारातला अर्थ काय, तेवढं सांगून थांबतो. दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि होळीच्या सुमारास डोंगराकडे परततात. होळी हा सातपुड्याचा सगळ्यात मोठा सण. उचलीचा हिशोब, मुलांची शाळा, सिकलसेलची तपासणी, दारूबंदीचा ठराव, ही सगळी कामं नेमकी याच दिवसांत करायची घाई कार्यकर्त्याला असते, कारण गाव त्याच वेळी भरलेलं असतं. मग होळीच्या आदल्या दिवशी बैठक लागते, माणसं येत नाहीत, आणि लोकांना स्वतःच्या भल्याचं काही पडलेलं नाही असा शेरा अहवालात जातो. हा शेरा थांबायला हवा. ज्यांच्याकडून आपण सावकाराला, मुकादमाला आणि दारूला दुसऱ्या रांगेत बसवण्याची अपेक्षा करतो, त्यांनी आपल्या संस्थेलाही त्याच रांगेत बसवलं तर तक्रार कसली? बैठक होळीनंतर लावावी, ती कुठल्या वारी आणि कुठल्या वेळेला घ्यायची हे आरतीच्या मंडळींना, भगताला आणि प्रार्थनेला जाणाऱ्यांना विचारून ठरवावं, आणि ठरावाचा कागद नेताना तो फेटाळला जाऊ शकतो हे मनात धरून जावं. फेटाळला गेला तर पुढच्या वर्षी, माणसं परतली की, पुन्हा न्यावा.